गॅस कमी की वाट अडलेली? सुपरहीट आणि सबकूलिंग

तुर्भ्याला फळांच्या एका कोल्ड रूमवर शेठ म्हणाले, "मिस्त्री, सक्शन पडलंय, गॅस भरून टाका." सक्शन म्हणजे कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचं प्रेशर. रूम १२ अंशांवर गेली होती, आत माल होता, त्यांची घाई रास्तच होती. तरी सिलेंडर मी गाडीतच ठेवला. नुसतं सक्शन बघून गॅस भरायचा नसतो.

मशीन आर-१३४ए गॅसवर. सक्शन १२ पीएसआय, म्हणजे चार्टवर (कोणत्या प्रेशरला गॅस किती अंशांवर उकळतो, तो तक्ता) उणे १२ अंश. कूलिंग कॉइलमधून बाहेर पडणारा पाइप ८ अंश. फरक २०, ही सुपरहीट. कॉइलमधलं लिक्विड सगळं उकळून संपल्यावर वाफ पुढे किती तापली, ते ती सांगते. अशा रूमला ५ ते ८ ठीक. २० म्हणजे कॉइल उपाशी आहे. पण उपाशी का, ते सुपरहीटवरून कळत नाही.

त्यासाठी कंडेन्सरकडे, जिथे वाफेचं लिक्विड होतं तिथे, जावं लागतं. हेड प्रेशर, म्हणजे या बाजूचं प्रेशर, १५३ पीएसआय; चार्टवर ४५ अंश. ड्रायरच्या (लिक्विडमधला ओलावा आणि कचरा धरणारा फिल्टर) आधी लिक्विड लाइन ३७. फरक ८, ही सबकूलिंग: वाफेचं लिक्विड झाल्यावर ते आणखी किती गार झालं. वजाबाकी इथे उलटी. सुपरहीटला पाइपातून चार्ट वजा, सबकूलिंगला चार्टातून पाइप. नवी मुलं हमखास इथेच चुकतात.

गॅस खरंच कमी असता, तर सबकूलिंग शून्याजवळ आली असती. ८ आहे म्हणजे लिक्विड पुरेसं आहे, वाटेत अडलंय. ड्रायरला हात लावला: येणारी बाजू गरम, जाणारी गार, म्हणजे चोक, अडथळा, तिथेच. पंपडाउन करून, म्हणजे गॅस कंडेन्सरच्या बाजूला गोळा करून, ड्रायर बदलला, सुपरहीट ७ वर आली. गॅस भरला असता तर चोक तसाच राहून जादा लिक्विडने पुढे हेड प्रेशर चढलं असतं.

कॉइलला लिक्विड बारीक नळीतून, म्हणजे कॅपिलरीतून, जात असेल, तर त्या मशीनला गॅस सुपरहीट बघून भरतात. नळीऐवजी एक्स्पान्शन व्हॉल्व्ह असेल, तर तो लिक्विड कमी-जास्त सोडून सुपरहीट स्वतःच सांभाळतो, म्हणून तिथे सबकूलिंग बघायची. रिसीव्हर (लिक्विड साठवायची टाकी) असेल तर साइट ग्लासही, म्हणजे लिक्विड लाइनवरची काचेची खिडकी.

पाइपाचं तापमान मोजणाऱ्या क्लॅम्पवर इन्सुलेशन गुंडाळाच. ठाण्या-नवी मुंबईत एप्रिलमध्ये गच्चीवरचा पाइप उघडा मोजला, तर आकडा हवेचाही येतो.

आर-४०७सी हा मिश्र गॅस असेल तर चार्टवर एकाच प्रेशरला दोन तापमानं दिसतील, त्यांत पाचेक अंशांचा फरक. सुपरहीटला ड्यू पॉइंट (दोनांतलं जास्त तापमान) घ्या, सबकूलिंगला बबल पॉइंट (कमी तापमान). अदलाबदल झाली, तर चांगल्या मशीनचा आकडाही तेवढ्याने चुकतो.