राणीछाप रुपयाचा रास्त भाव : पार्श्वभूमी

चांदी महागली की जुने रुपये बाहेर निघतात. देवघरातल्या डब्यातले, आजीच्या पेटीतले, लक्ष्मीपूजनाच्या ताटातले रुपये सराफाच्या काट्यावर येतात, आणि त्याच रुपयांना तीन पेढ्यांवर तीन भाव सांगितले जातात. एक जण वजनावर बोलतो, दुसरा आधीच वितळवण्याची घट कापतो, तिसरा नगावर भाव लावतो. विकणाऱ्याला आपण फसलो असं वाटत राहतं आणि हौसेने घेणाऱ्यालाही आपण जास्त मोजले की काय, ही रुखरुख लागते. हा घोळ आजचा नाही. रुपयात चांदी किती आणि रुपया म्हणून त्याची किंमत किती, या दोन गोष्टी एका सरकारी निर्णयाने वेगळ्या झाल्या. भावाच्या वादाचं मूळ तिथे आहे.

त्याआधी वाद होता तो बट्ट्याचा, म्हणजे कमी कसाच्या नाण्यामागे कापल्या जाणाऱ्या रकमेचा. पेशवाईत आणि त्यानंतरही काही वर्षं चांदवडी, अंकुशी, सुरती असे कितीतरी रुपये एकाच बाजारात फिरत. प्रत्येकाचं वजन आणि कस निराळा. सराफ नाणं वाजवून, घासून पाहायचा आणि बट्टा कापून पैसे द्यायचा. १८३५ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात एकच रुपया आला : वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. म्हणजे शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. चौथा विल्यम, व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज आणि थेट सहाव्या जॉर्जच्या १९३९ सालापर्यंत हे प्रमाण बदललं नाही. शंभरहून अधिक वर्षं टिकलेलं हे माप आहे, आणि राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा छाप असलेल्या, रुपयाचा कुठलाही हिशेब याच आकड्यापासून सुरू व्हायला हवा.

हेच वजन म्हणजे जुना तोळा. नाणं हेच वजन असल्याने वाण्याच्या आणि सोनाराच्या तराजूत रुपये टाकून मोजमाप होई. आज सराफ ज्याला तोळा म्हणतो तो १० ग्रॅमचा असतो. त्यामुळे 'एका रुपयाला एक तोळा' असा तोंडी हिशेब झाला तर विकणाऱ्याचं काय होतं, ते पाहू. शुद्ध दहा ग्रॅमचे पैसे मिळाले तरी न झिजलेल्या रुपयात पाऊण ग्रॅमच्या आसपास चांदी फुकट जाते, आणि त्यावर पुन्हा घट कापली तर तोटा आणखी वाढतो. हिशेब ग्रॅममध्येच मागावा.

आता तो निर्णय. २६ जून १८९३ रोजी सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या. तोवर कोणीही चांदी घेऊन मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत जाई, सुमारे दोन टक्के कर आणि वितळवण्याचा किरकोळ खर्च देई आणि तेवढ्या चांदीचे रुपये घेऊन परत येई. हे दार उघडं होतं तोवर रुपया आणि त्यातली चांदी यांच्या किमतीत फरक पडूच शकत नव्हता. सोनार रुपये आटवून तोडे आणि गोठ घडवी, कारण रुपयाच्या कसाबद्दल शंका नसे. अडचणीच्या वर्षी तेच तोडे आणि गोठ पुन्हा रुपये होत. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात दख्खनमधल्या घराघरांतले दागिने याच वाटेने मुंबईच्या टांकसाळीत गेले. शेतकऱ्याच्या घरातली बाईच्या अंगावरची चांदी म्हणजे त्या घराची बँक होती, आणि टांकसाळ त्या बँकेची हमी.

सरकारची अडचण खरी होती, हे मान्य करायला हवं. १८७० नंतर युरोपातले देश एकामागून एक सोन्याच्या चलनाकडे गेले आणि चांदीचा भाव घसरत राहिला. जो रुपया एकेकाळी दोन शिलिंगांचा होता, तो सव्वा शिलिंगावर आला. हिंदुस्थान सरकारला इंग्लंडमधले खर्च पौंडांत भागवावे लागत : पेन्शनी, कर्जाचं व्याज, रेल्वेच्या हमीचे पैसे. रुपया जितका पडे तितके जास्त रुपये करातून काढावे लागत. विलायतेला पगार पाठवणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांची ओरड तर रोजची होती. सरकारने नेमलेल्या समितीने उपाय सुचवला : रुपयांची आवक कमी करा, म्हणजे रुपया चढेल. काही वर्षांत तो चढलाही, आणि एक शिलिंग चार पेन्सवर, म्हणजे पंधरा रुपयांना एक पौंड या दरावर टेकला.

पण चांदी चढली नाही. १८९७ च्या सुमारास एका रुपयातल्या, म्हणजे सोळा आण्यांच्या नाण्यातल्या, चांदीला बाजारात जेमतेम दहा आणे येत. उरलेले सहा आणे होते छापाचे. राणीचं मुंडकं असलेली ११.६६ ग्रॅम चांदी सोळा आण्यांची आणि तेवढ्याच वजनाचा, तितक्याच कसाचा गोठाचा तुकडा दहा आण्यांचा, अशी ही स्थिती. ज्यांची बचत नाण्यात होती ते तरले. ज्यांची बचत दागिन्यांत होती त्यांची तिसऱ्या हिश्शाहून जास्त पुंजी, कुणाच्या घरावर दरोडा न पडता, गेली. आणि हे घडलं ते १८९६–९७ आणि १८९९–१९०० या दोन भयंकर दुष्काळांच्या तोंडावर. पूर्वीच्या दुष्काळात जे दार होतं ते आता बंद होतं, आणि दागिना सावकाराच्या किंवा सराफाच्या मर्जीच्या भावाने मोडावा लागला.

त्या वेळी विरोध झाला नाही असं नाही. मुंबईच्या गिरणीमालकांनी केला, कारण स्वस्त रुपयावर त्यांचं सूत चीनच्या बाजारात विकलं जात होतं. राष्ट्रीय चळवळीतल्या अर्थशास्त्र जाणणाऱ्यांनीही केला. त्यांचं म्हणणं असं की महाग रुपया म्हणजे रयतेवर न सांगता बसवलेला कर, कारण शेतसारा तेवढाच आणि पिकाचे पैसे कमी. सरकारपक्षाचं उत्तर असं की नाही तर कर उघडपणे वाढवावा लागला असता. दोन्ही बाजूंचे दाखले पुस्तकांतून मिळतात. पण ज्या बायकांचे तोडे दहा आणे भावाने गेले त्यांची साक्ष कोणत्याही समितीपुढे झाली नाही, आणि माझ्या मते या प्रकरणाचा निकाल लावताना तीच बाजू आधी मोजायला हवी.

जुन्या रुपयाच्या भावाशी याचा संबंध सरळ आहे. १८९३ नंतर काही वर्षं रुपये फारसे पाडलेच गेले नाहीत. त्यामुळे १८९७ सालचा रुपया आज कमी दिसतो आणि संग्राहक त्याला चांदीहून चांगला वरचढ भाव देतात. १९०० नंतर पुन्हा मुबलक रुपये निघाले, म्हणून १९०१ चा रुपया झिजलेला असेल तर चांदीच्या भावानेच घ्यावा. दुसरी गोष्ट अशी की दहा आण्यांच्या चांदीचा सोळा आण्यांना चालणारा रुपया हे खोट्या नाणेकारांना उघड आमंत्रण होतं. चांदी पुरेपूर घालूनही त्यांना नफा उरे. म्हणून चांदी चोख निघाली एवढ्यावर नाणं अस्सल ठरत नाही.

पहिल्या महायुद्धात पारडं उलटं फिरलं. १९१७ मध्ये लंडनला चांदी औंसाला ४३ पेन्सच्या वर गेली आणि रुपयातली चांदी छापापेक्षा महाग झाली. लोक रुपये आटवू लागले. सरकारने आटवण्यावर आणि बाहेर पाठवण्यावर बंदी घातली आणि ३० नोव्हेंबर १९१७ ला एक रुपयाची नोट काढली. तरी तुटवडा मिटेना. तेव्हा अमेरिकेने १९१८ मध्ये आपल्या तिजोरीतले चांदीचे डॉलर वितळवून सुमारे २० कोटी औंस चांदी हिंदुस्थानसाठी दिली. पाचव्या जॉर्जचे १९१८ ते १९२० चे रुपये कोट्यवधींच्या संख्येने निघाले ते यातूनच. आजही डब्यातल्या रुपयांत याच सालांचे बरेच सापडतात. ते शंभर वर्षांचे आहेत म्हणून कोणी हजारो रुपये जादा मागितले तर देऊ नयेत.

सालावरून दुर्मीळता ठरवताना आणखी एक फसगत होते. कंपनीच्या काळात १८४० हे साल एकदा छापलं गेलं ते १८६२ पर्यंत तसंच राहिलं, आणि १८६२ हे साल १८७४ पर्यंत. इतकी वर्षं एकाच सालाची नाणी पडत होती, त्यामुळे '१८४० चा रुपया' हे ऐकायला भारी असलं तरी नाणं दुर्मीळ नाही. १८६२ च्या रुपयावरचे बारीक ठिपके मोजून जाणकार त्यातले प्रकार वेगळे करतात. त्यातले थोडे महाग आहेत, बाकीचे नाहीत. खरा दुर्मिळतेचा मान १९११ च्या रुपयाला. पाचव्या जॉर्जच्या अंगरख्यावर मानचिन्हाची साखळी आहे आणि तिच्यात छोटा हत्ती. सोंड आखूड कोरली गेल्याने तो डुकरासारखा दिसला, लोकांच्या धर्मभावना दुखावल्या आणि नाणी परत घेतली गेली. १९१२ पासून सोंड लांब, कान मोठे. भिंगाखाली दोन्ही रुपये शेजारी ठेवले की फरक लगेच कळतो. गुळगुळीत झिजलेल्या नाण्यावर मात्र हत्तीच उरत नाही, तिथे साल वाचता येतं का एवढंच पाहायचं.

दुसऱ्या महायुद्धाने सर्वांत मोठा घोळ घातला, आणि तो अजून निस्तरलेला नाही. १९४० च्या मध्याला फ्रान्स पडल्याची बातमी आली तशी लोकांनी नोटा मोडून रुपये घरात नेले. गरजेपेक्षा जास्त नाणी साठवणं हा गुन्हा ठरवला गेला, एक रुपयाची नोट पुन्हा आली, आणि रुपयातली चांदी निम्म्यावर आणली : ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, बाकी निकेल आणि जस्त. वजन तेच, आकार तोच, राजा तोच. पुढच्या दोन-तीन वर्षांत व्हिक्टोरियाचे, मग एडवर्डचे, मग जॉर्जांचे चोख रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून बाद झाले.

म्हणजे १९३९ च्या रुपयात १०.६९ ग्रॅम चांदी आणि १९४० च्या रुपयात ५.८३ ग्रॅम. साल न पाहता 'जॉर्जछाप' म्हणून सरसकट एकच भाव लावला तर कोणा ना कोणाचं निम्म्याने नुकसान ठरलेलं. झिजून साल पुसलं गेलं असेल तर कड पाहावी. नव्या मिश्रणाच्या रुपयांच्या कडेला, खोटी नाणी रोखण्यासाठी, दातऱ्यांच्या मधोमध एक खोबण फिरवलेली असते. जुन्या चोख रुपयाची कड नुसती दातेरी. (१९३९ चे रुपये बहुतेक वितळले, त्यामुळे तो हाती लागलाच तर सराफाकडे न जाता जाणकार नाणे-व्यापाऱ्याकडे न्यावा. त्या सालाच्या बनावट नाण्यांचा सुळसुळाटही म्हणूनच आहे.)

हे निम्म्या चांदीचे रुपयेही पुढे परत घ्यावे लागले. युद्धकाळात अमेरिकेकडून २० कोटी औंसांहून जास्त चांदी उसनी आणली होती आणि ती चांदीच्याच रूपाने फेडायची होती. १९४७ पासून रुपया निकेलचा झाला आणि परत आलेल्या नाण्यांतून चांदी काढून ते कर्ज फेडलं गेलं.

मराठवाड्यातल्या आणि गोव्यातल्या घरांत आणखी दोन रुपये निघतात. हैदराबादच्या निजामाच्या रुपयाचं, म्हणजे हाली शिक्क्याचं, वजन ११.१८ ग्रॅम आणि कस ८१.८ टक्के, म्हणजे चांदी ९.१४ ग्रॅम. तो कलदाराच्या, म्हणजे इंग्रजी रुपयाच्या, भावाने मागू नये आणि निम्म्या भावाने देऊही नये. युद्धकाळात त्याचाही कस उतरला, तेव्हा चारमिनारच्या रुपयावरचंही साल वाचावं लागतं. गोव्याचा १८८१ आणि १८८२ चा रुपया इंग्रजी रुपयाच्याच वजनाचा आणि कसाचा, आणि पाडलाही कलकत्त्याच्या टांकसाळीत. चांदीचा हिशेब तोच, पण नाणी कमी असल्याने संग्राहकाचा भाव वेगळा.

आकड्यांत मांडायचं तर चांदी किलोला एक लाख रुपये धरू, म्हणजे ग्रॅमला शंभर. न झिजलेल्या राणीछाप रुपयातली चांदी १,०६९ रुपयांची, हालीतली ९१४ ची, १९४० ते ४५ च्या रुपयातली ५८३ ची. १९६९ सालचं गांधी जन्मशताब्दीचं दहा रुपयांचं नाणं १५ ग्रॅमचं, ८० टक्के चांदीचं, म्हणजे १,२०० रुपयांचं. अनेक घरांत ते सुट्ट्या नाण्यांच्या डब्यात पडून असतं. झीज धरायची ती प्रत्यक्ष काट्यावर. कायद्याने रुपयाची झीज दोन टक्क्यांपर्यंत चालत असे, म्हणजे ११.४३ ग्रॅमपर्यंत. हातोहात फिरलेले रुपये आज साधारण याच्या आसपास भरतात. मग नाणं नगावर न विकता वजनावर विकावं आणि वजन डोळ्यांसमोर व्हावं. वितळवण्याची घट सराफाने घेणं रास्त आहे, पण वजनातली झीज काट्याने आधीच वजा केली असताना 'जुनं आहे, झिजलंय' म्हणून तीच पुन्हा कापणं रास्त नाही.

माळेत ओवण्यासाठी कडी लावलेल्या रुपयांचं मात्र वेगळं. कडी काढली तरी ती जोडलेली झाळ उरते, तिचं वजन चांदीत धरता येत नाही, आणि संग्राहक अशा नाण्याला हात लावत नाही. चिंच, राख किंवा दंतमंजनाने लखलखीत घासलेल्या नाण्याचीही हीच गत. दिवाळीला सराफाकडे मिळणारे राणीच्या चित्राचे नवे शिक्के तर चलनातले रुपयेच नव्हेत. ते बिलावर लिहिलेल्या टंचाप्रमाणेच, म्हणजे चांदीच्या शुद्धतेप्रमाणेच, मोडावेत.

मोबाईलवर 'जुन्या नाण्याला लाखो रुपये' असं सांगून आधी शुल्क भरायला लावणाऱ्यांनी गेल्या काही वर्षांत अनेकांना नाडलं आहे. देशाच्या मध्यवर्ती बँकेला २०२१ मध्ये जाहीर सूचना काढून सांगावं लागलं की असे व्यवहार ती करत नाही आणि कोणतंही शुल्क मागत नाही. शेतात किंवा जुन्या वाड्याच्या पायात रुपयांचा हंडा सापडला तर १८७८ चा गुप्तधनाचा कायदा अजून लागू आहे, आणि दहा रुपयांवरच्या ऐवजाची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. परदेशी राहणाऱ्यांनी आजीचे रुपये सोबत नेण्याआधी १९७२ चा पुरावस्तू कायदा लक्षात घ्यावा. शंभर वर्षांवरचं नाणं त्यात पुरावस्तू ठरतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. व्हिक्टोरिया आणि एडवर्डचे रुपये कधीच त्या रेषेपलीकडे गेले, आणि पाचव्या जॉर्जचे १९२२ पर्यंतचेही.