पीडीएफमधला हरवलेला फॉन्ट

पत्रिका, स्मरणिका किंवा दिवाळी अंकाची पीडीएफ घरच्या संगणकावर बिनचूक दिसते आणि छापखान्यात उघडली की मजकुराच्या जागी चौकोन येतात. खापर प्रिंटरवर फुटते. बहुतेक वेळा मात्र फॉन्ट त्या फाइलीत गेलेलाच नसतो. आपल्या संगणकावर तो बसवलेला असल्याने पीडीएफ वाचणारा प्रोग्राम तिथूनच उचलतो, आणि आपल्याला पत्ता लागत नाही. म्हणून जिथे फाइल तयार केली तिथेच ती पाहून 'ठीक आहे' म्हणण्याला अर्थ नाही.

मराठी मजकुराच्या बाबतीत हे जास्त महागात का पडते, हे समजायला पीडीएफच्या आत डोकवावे लागते. प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना संकेत-क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाणपद्धतीने देवनागरीला मुख्य गटात १२८ जागा दिल्या आहेत. त्यांत रफाराला वेगळी जागा नाही, 'क्ष' किंवा 'त्र' यांनाही नाही. 'कीर्ती' हा शब्द क, दीर्घ वेलांटी, र, हलन्त, त आणि पुन्हा वेलांटी अशा सहा संकेतांनी साठवला जातो. र आणि हलन्त मिळून रफार करायचा, तो पुढच्या 'त'वर नेऊन बसवायचा, हे काम हार्फबझसारखी आकारजुळणी करणारी प्रणाली फॉन्टमधले नियम वाचून करते. जुळणी झाल्यावर उरतात ते फॉन्टमधल्या आकृत्यांचे क्रमांक, आणि युनिकोड फॉन्टच्या बाबतीत पीडीएफमध्ये सहसा हे क्रमांकच लिहिले जातात. एका फॉन्टमध्ये ३१० क्रमांकाला रफार असेल, तर दुसऱ्यात त्याच क्रमांकाला 'द्ध' असू शकतो. फॉन्ट सोबत नसेल तर त्या क्रमांकांना काही अर्थ उरत नाही.

इंग्रजीचे त्यामानाने निभावून जाते. पीडीएफच्या मूळ रचनेत १४ फॉन्ट प्रत्येक वाचकाकडे असतील असे गृहीत धरले होते : हेल्व्हेटिका, टाइम्स आणि कुरिअर यांचे प्रत्येकी चार प्रकार, शिवाय सिम्बॉल आणि झाफ डिंगबॅट्स. हेल्व्हेटिका नसला तर एरियल लागतो, अंतरे थोडी इकडेतिकडे होतात, पण वाचता येते. देवनागरीला असा आधार नाही.

बिघाड कसा दिसतो त्यावरून कारण बरेचसे ओळखता येते. मराठीच्या जागी अर्थहीन इंग्रजी अक्षरे आली, तर मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधला आहे. अशा फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवर देवनागरीच्या आकृत्या बसवलेल्या असतात; फॉन्ट गेला की खालचे इंग्रजी उघडे पडते. चौकोन किंवा ठिपके दिसले तर पर्यायी फॉन्टमध्ये त्या आकृत्या नाहीत. अक्षरे मराठीच, पण भलतीच आली, तर त्याच नावाच्या फॉन्टची वेगळी आवृत्ती वापरली गेल्याचा संशय घ्यावा. चौथा प्रकार मात्र फसवा आहे : ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या नंतर पडलेली, जोडाक्षरे फुटून हलन्त दिसणारे. हा फॉन्ट जोडण्याचा प्रश्नच नाही; मूळ प्रोग्रामने आकारजुळणी केलेली नाही. इनडिझाइन या पानमांडणीच्या प्रोग्राममध्ये परिच्छेदाला 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' हा आकारजुळणी करणारा पर्याय लावला नाही की हमखास असे होते. इथे फॉन्ट कितीही जोडा, फरक पडत नाही.

तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. ॲक्रोबॅट रीडरमध्ये कंट्रोल आणि डी दाबून 'फॉन्ट्स' हे पान उघडावे. प्रत्येक नावापुढे 'एम्बेडेड' (म्हणजे फॉन्ट जोडलेला) किंवा 'एम्बेडेड सबसेट' (म्हणजे त्यातल्या वापरलेल्या आकृत्याच जोडलेल्या) हवे. एखाद्या नावापुढे ते नसेल आणि खाली 'ॲक्च्युअल फॉन्ट' म्हणून दुसरेच नाव असेल, तर फॉन्ट उसना आहे. लिनक्सवर पॉपलर संचातले 'पीडीएफफॉन्ट्स' हे साधन हीच माहिती तक्त्यात देते.

आता दुरुस्ती. वर्डमध्ये दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. 'ऑप्शन्स'मधल्या 'सेव्ह' या भागात फॉन्ट जोडण्याची खूण असते, ती वर्डच्या फाइलीसाठी. दुसऱ्याला वर्डची फाइलच पाठवायची असेल तर ती खूण करावी आणि खालची 'नेहमीचे सिस्टीम फॉन्ट जोडू नका' ही खूण काढावी. ती काढणे महत्त्वाचे, कारण 'नेहमीचे' हे गृहीतक चुकते : विंडोज १० पासून मंगल फॉन्ट मूळ संचात नसतो, हिंदी किंवा मराठी भाषा जोडल्यावर पूरक फॉन्ट म्हणून येतो. आपल्याकडे मराठी कळफलक असतो म्हणून मंगल असतो. प्रेसमधल्या संगणकावर तो असेलच असे नाही. पीडीएफ करताना 'सेव्ह ॲज'मधून प्रकार निवडल्यावर 'ऑप्शन्स'मध्ये पीडीएफ/ए या, दीर्घकाळ जतनासाठीच्या पीडीएफ प्रकाराची खूण करावी. या प्रकारात सगळे फॉन्ट जोडणे बंधनकारकच आहे. लिबरऑफिसच्या निर्यात खिडकीतही हा पर्याय आहे.

तरीही एखादा फॉन्ट जोडला जात नसेल तर त्याचा परवाना पाहावा. फॉन्टच्या फाइलीत जोडण्याच्या परवानगीचा एक आकडा असतो : ० म्हणजे मुक्त, ४ म्हणजे फक्त पाहणे व छापणे, ८ म्हणजे संपादनासह, २ म्हणजे मनाई. विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमध्ये तो शब्दांत वाचता येतो. मनाई असलेल्या फॉन्टचा मजकूर वर्ड चित्र म्हणून घालू शकते. पडद्यावर ते खपते, कागदावर कडा दातेरी येतात. मुक्त परवान्याचा मुक्ता किंवा नोटो हा फॉन्ट वापरणे हा सरळ उपाय.

अंकांत आणखी एक सापळा असतो : बाहेरून आलेल्या जाहिराती. जाहिरातीच्या पीडीएफमध्येच फॉन्ट नसेल, तर ती ज्या पानात बसवली त्या पानाची पीडीएफ कितीही काटेकोर केली तरी आतली त्रुटी तशीच राहते. गोस्टस्क्रिप्ट या पीडीएफ नव्याने काढणाऱ्या प्रोग्राममधून 'प्रीप्रेस' या छपाईसाठीच्या सेटिंगने फाइल पुन्हा काढण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो उपयोगी आहे, पण मूळ फॉन्ट त्या संगणकावर असेल तरच. नसेल तर गोस्टस्क्रिप्ट दुसराच फॉन्ट घेऊन तो इमानेइतबारे जोडते. मग तपासणीत सगळे 'एम्बेडेड' दिसते आणि अक्षरे मात्र चुकलेलीच. गोस्टस्क्रिप्ट चालताना येणारे 'सब्स्टिट्यूटिंग' (बदली फॉन्ट घेतला) असे संदेश म्हणूनच वाचावेत. जाहिरातदाराकडून नवी फाइल मागवणे जास्त खात्रीचे.

प्रेसवाले 'कर्व्ह करून द्या' म्हणतात, त्याचा अर्थ अक्षरांचे फॉन्टशी नाते तोडून नुसत्या आकृत्या करणे. कोरलड्रॉमध्ये मजकूर निवडून कंट्रोल आणि क्यू दाबले की काम होते. मुखपृष्ठाला, पत्रिकेला हे उत्तम. दोनशे पानांच्या पुस्तकाला नको : फाइल फुगते, मजकूर शोधता येत नाही, आणि कमी रिझोल्यूशनच्या प्रिंटरवर बारीक टाइप जाडसर उठतो. घाईच्या वेळी ॲक्रोबॅटच्या छपाई खिडकीत 'ॲडव्हान्स्ड'मधले 'प्रिंट ॲज इमेज' कामी येते, पण ज्या संगणकावर फाइल बरोबर दिसते तिथूनच, आणि किमान ३०० डीपीआय (इंचाला ठिपके) ठेवून.

सबसेटबद्दल एक व्यवहारातली अडचण. जागा वाचवण्यासाठी फॉन्टमधल्या वापरलेल्या आकृत्याच पीडीएफमध्ये घातल्या जातात. फॉन्टच्या नावाआधी सहा मोठी इंग्रजी अक्षरे आणि अधिकचे चिन्ह असते ते याचेच. छपाईला हे पुरते. पण प्लेट निघण्याआधी कुणी पीडीएफमध्येच 'कृष्णा'चे 'ज्योत्स्ना' करायला गेले आणि त्यातली एखादी आकृती अंकात कुठेच नसेल, तर ती फाइलीत नसते. अशी दुरुस्ती मूळ फाइलीत करून पीडीएफ नव्याने काढावी, आणि फॉन्टची यादी पुन्हा उघडून पाहावी.