पिकलं पान आणि पाडलेलं पान

बडोद्यात रस्त्याकडेला पानांचे ढीग साचतात ते दोन वेळा. एकदा फाल्गुन-चैत्रात, कडुनिंब आणि पिंपळ झडतात तेव्हा. दुसऱ्यांदा वादळानंतर. १७ मे २०२१ च्या रात्री तौक्ते चक्रीवादळ दीव-ऊनाच्या किनाऱ्यावर धडकलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या वाऱ्याने इथल्या झाडांनाही झोडपलं. हे दोन्ही ढीग एकाच कचरागाडीत जातात. पाहणाऱ्याला दोन्ही पालापाचोळाच. मातीला मात्र त्यांतून अगदी वेगवेगळं अन्न मिळतं.

ओळखायचं असेल तर देठाचं टोक बघा. पिंपळाचं पिकलं पान उचललंत, तर फांदीला चिकटलेलं टोक गुळगुळीत आणि बंद दिसेल. पान गळण्याआधी झाड देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर तयार करतं आणि पान नेमकं तिथेच सुटतं. वादळाने ओरबाडलेल्या पानाचा देठ सोललेला असतो, त्याला धागे लोंबत असतात, पातं फाटलेलं असतं. पुष्कळदा सबंध डहाळीच खाली आलेली असते.

खरा फरक आतला आहे. घर सोडताना कामाचं सामान आधी हलवावं, तसं झाड पान सोडण्यापूर्वी त्यातलं मोलाचं काढून घेतं. हिरव्या पानातलं बरंचसं नायट्रोजन प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या प्रथिनांत असतं. ती प्रथिनं मोडून त्यांची अमिनो आम्लं खोडाकडे परत जातात. फॉस्फरसचंही तेच. साधारणपणे निम्मं, कित्येकदा त्याहून जास्त नायट्रोजन आणि फॉस्फरस असं वाचवलं जातं. मागे राहतं लिग्निन (लाकडाला टणकपणा देणारं द्रव्य), टॅनिन (तुरट चवीचं द्रव्य) आणि कॅल्शियम. कॅल्शियम झाडाला पानातून मागे नेता येत नाही, म्हणून म्हाताऱ्या पानात ते साठलेलं असतं. पानगळीच्या सुक्या पाल्याला निरुपयोगी म्हणणं मला म्हणूनच पटत नाही.

वादळ ही आवराआवर करू देत नाही. मे महिन्यात आपल्याकडचा कडुनिंब नव्या पालवीने भरलेला असतो. त्यात झाडाने नुकतीच गुंतवणूक केलेली असते आणि तीच पानं भरल्या पोटी जमिनीवर येतात. झाडाचं नुकसान, जिवाणूंची चंगळ. अशी पानं लवकर कुजतात. त्यातच ती ओल्या जमिनीवर पडतात. चैत्रातला पाला मात्र पहिल्या पावसापर्यंत कोरडाच पडून असतो. तोवर त्याला हात लावते ती मुख्यतः वाळवी.

इथवर हिशेब सोपा वाटतो: वादळ म्हणजे जंगलाला फुकटचं खत. पण चक्रीवादळांच्या वाटेवरच्या जंगलाचा सर्वांत बारकाईने अभ्यास जिथे झाला आहे, त्या पोर्तो रिकोतल्या लुकियो जंगलाने हे चित्र बदललं. सप्टेंबर १९८९ मध्ये ह्यूगो चक्रीवादळाने तिथे एका दिवसात वर्षभराच्या पानगळीहून जास्त पाला पाडला. नंतर ओढ्यांच्या पाण्यात नायट्रेट, म्हणजे नायट्रोजनचं पाण्यात विरघळणारं रूप, वाढलं, थोडक्यात, सुटलेलं खत थोडंफार वाहूनही गेलं. पाल्यासोबत फांद्या आणि खोडंही पडली होती. लाकडात कार्बन भरपूर, नायट्रोजन नगण्य. ते कुजवणारे सूक्ष्मजीव लागणारं नायट्रोजन भोवतालच्या मातीतून ओढून स्वतःत अडकवून ठेवतात. जिथून पडझड उचलून नेली, तिथली झाडं उलट लवकर सावरली!

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. पडलेल्या पाल्याचा परिणाम कोणता आणि डोक्यावरचं फांद्यापानांचं छत्र उघडं पडल्याचा कोणता, हे वेगळं काढण्यासाठी २००४-०५ मध्ये त्याच जंगलात संशोधकांनी मुद्दाम फांद्या छाटल्या. कुठे छाटलेलं तिथेच पसरलं, कुठे उचलून नेलं, कुठे न छाटता बाहेरून आणून टाकलं. छत्र उघडलं की ऊन थेट खाली येतं, पाल्याचा वरचा थर वाळतो, पानांना पांढऱ्या जाळ्यांनी बांधून कुजवणारी बुरशी मागे हटते आणि कुजणं मंदावतं. म्हणजे वादळ लवकर कुजणारा पाला देतं आणि तो कुजवणाऱ्यांची सावली काढून घेतं. पान कोणतं हे जितकं महत्त्वाचं, तितकंच ते कुठल्या सावलीत पडलं हेही.

लुकियो बारमाही ओलं जंगल आहे. आपल्या जवळचं जांबुघोडा सागाचं, कोरडं, पानगळीचं. तिथले आकडे इथे लावता येणार नाहीत, पण पिकलं आणि पाडलेलं यांतला फरक अंगणातही तोच राहतो. वादळानंतरचा हिरवा पाला एका खड्ड्यात कोंबला तर तो चिकट होतो, वास मारतो, कारण नायट्रोजन आणि ओल भरपूर, हवा नाही. चैत्रातला सुका पाला जाळून न टाकता पोत्यांत भरून ठेवला असेल, तर तो याच वेळी कामी येतो: एक थर हिरवा, दोन-तीन थर सुके. फांद्यांचा भुगा मात्र वाफ्यातल्या मातीत कालवू नका, तो कुजताना मातीतलं नायट्रोजन अडकून राहील आणि रोपं पिवळी पडतील. तो झाडाच्या बुंध्यापासून थोडा लांब, मातीच्या वरच पसरावा.