स्क्रोल सॉवरच्या लाकडी भेटवस्तू : ऑर्डर देण्याआधी एवढं वाचून घ्या

दारावरची नावाची पाटी, वास्तुशांतीला द्यायची भेट, रुखवतात ठेवायची जाळीदार महिरप, तान्ह्या पोळ्याचा बैल, आजोबांचा जाळीत कोरलेला चेहरा. आमच्या कार्यशाळेत येणाऱ्या बहुतेक ऑर्डरी यातल्याच असतात. काम तुमच्या मनासारखं व्हायचं असेल तर कापायला घेण्याआधी काही गोष्टी ठरवाव्या लागतात. त्या फोनवर घाईघाईत सांगण्यापेक्षा इथे सविस्तर लिहिल्या आहेत.

मशीन कसं चालतं आणि पैसे कशाचे लागतात

स्क्रोल सॉ म्हणजे बारीक ब्लेडची उभी करवत. पाच इंच लांबीचं ब्लेड दोन्ही टोकांना ताणून बसवलेलं असतं आणि शिलाई मशीनच्या सुईसारखं वरखाली धावतं. ब्लेड जागेवरच राहतं, लाकूड हातानं फिरवायचं असतं. आमचं नेहमीचं ब्लेड रुंदीला जेमतेम १ मिलिमीटर आणि जाडीला त्याच्या निम्म्याहून कमी, म्हणून ते जवळजवळ जागच्या जागी वळतं. पिंपळपानाचं टोक, मोराच्या तुऱ्यातली फट किंवा ‘क्ष’मधली गाठ नीट निघते ती यामुळेच.

कडेचं कापणं सोपं. वेळ जातो तो आतल्या नक्षीत. जाळीतल्या प्रत्येक पोकळ जागेसाठी आधी ड्रिलनं छोटं भोक पाडायचं, ब्लेड सोडवायचं, त्या भोकातून ओवायचं, पुन्हा ताणून घट्ट करायचं, तेवढा तुकडा कापायचा आणि पुढच्या भोकाला हाच खटाटोप पहिल्यापासून. त्यामुळे आमचा दर चौरस फुटावर नसतो, आतल्या भोकांवर असतो. दोन फुटी साधी पाटी स्वस्त पडते आणि तळहाताएवढी दाट जाळी महाग, याचं नवल वाटू देऊ नका.

‘हे लेझरवर काढलं का भाऊ?’ हा प्रश्न रोजचा. नाही. लेझर लाकूड जाळत जातो, म्हणून कड काळी पडते, आणि जाड भरीव लाकडात तर फारच. आमच्याकडे पाऊण इंची सागवानाची कडसुद्धा सागवानाच्याच रंगाची राहते. सीएनसी राउटरचा, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कोरणाऱ्या मशीनचा, बिट (कापणारं पातं) गोल असतो, त्यामुळे आतले कोपरे गोलसर होतात. ब्लेडनं कोपरा टोकदार येतो. पण परवा दोनशे कीचेन हव्या असतील तर खुशाल लेझरवाल्याकडे जा. ते काम त्याचंच आहे, आमच्याकडे उगाच महाग पडेल.

एक मर्यादा मात्र सांगायला हवी. आमच्या मशीनवर ब्लेडपासून मागच्या खांबापर्यंत १६ इंच जागा आहे. फार लांब पाटी तिथे पूर्ण फिरत नाही. दोन फुटांपुढची पाटी आम्ही भागांत कापून जोडतो. जोड कुठे येईल ते आधी दाखवतो.

मराठी नावाची पाटी

देवनागरी अक्षरं लाकडात कापणाऱ्याला शिरोरेषेचा मोठा आधार असतो. रोमन अक्षरं सुटी पडतात, ती एकेक चिकटवत बसावं लागतं. आपलं नाव शिरोरेषेला लटकून एकसंध तुकडा म्हणून हातात येतं. अडचणही तिथेच आहे, कारण बरंच काही फक्त वरूनच लटकलेलं असतं.

‘गणेश’ हे नाव घ्या. ग, ण आणि श या तिन्ही अक्षरांचा काना बाकीच्या अक्षराला कुठेच चिकटत नाही, तो सरळ शिरोरेषेतून खाली येतो. आता लाकडाचे तंतू एकाच दिशेनं धावतात. तंतूंच्या आडव्या दिशेनं बारीक पट्टी कापली की ती बोटानंही मोडते. नाव नेहमीसारखं आडव्या तंतूंच्या फळीवर कापलं, तर शिरोरेषा भक्कम राहते आणि तिन्ही काने पुसताना फडक्यात अडकून तुटतात. फळी उभी धरून कापलं, तर काने मजबूत होतात आणि शिरोरेषा मधूनच दुभंगते. म्हणून सुटं, आरपार कापलेलं नाव आम्ही भरीव लाकडात करून देत नाही. ते प्लायमध्येच करा. प्लायचे थर एकमेकांना आडवे असल्यानं दोन्ही दिशांना ताकद सारखी मिळते. सागवानच हवं असेल, तर अक्षरं सागवानाची आणि मागे त्यांना धरून ठेवणारी पाटी, असं करता येतं. दिसायलाही तेच जास्त छान दिसतं, असं आमचं मत आहे.

दुसरी अडचण अनुस्वाराची. ‘आनंद’मधला टिंब कशालाच टेकलेला नसतो. मागे पाटी असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर टिंब थोडा मोठा काढून शिरोरेषेवर टेकवतो. काहींना ते खटकतं, म्हणून कागदावर आधीच दाखवतो. रफार आणि वेलांट्या आपापल्या जागी धरलेल्या असतात, त्यांची काळजी नको.

काही जणांना उलटं काम हवं असतं: पाटी तशीच आणि अक्षरांच्या जागी भोकं, मागे दिवा. दिसतं सुरेख, पण व, ब, क, म यांच्या पोटातला तुकडा धरायला काहीच उरत नाही, तो गळून पडतो. त्याला बाहेरच्या लाकडाशी जोडणारी बारीक पट्टी ठेवावी लागते आणि ती दिसतेच.

मोबाईलवर नाजूक लपेटीचा फॉन्ट आवडला म्हणून तो हट्टानं पाठवू नका. लाकडात ३ मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ टिकत नाही. आणि नाव स्वतः टाइप करून पाठवा, फोनवर सांगू नका. दीपक की दिपक, कीर्ती की किर्ती हे तुमच्या घरचं, तुम्ही पाठवाल तसंच आम्ही कापतो.

कोणतं लाकूड घ्यायचं

नागपुरात प्रत्येकाला सागवान हवं असतं, आणि तेही ‘बल्लारशाचंच ना?’ असं विचारून. अयोध्येच्या राम मंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये चंद्रपूर-बल्लारपूरकडून सागवान गेलं, तेव्हापासून ही विचारणा आणखी वाढली. सागवान उत्तम लाकूड आहे यात वाद नाही. बाहेरच्या पाटीला त्यासारखं दुसरं नाही. मात्र आतला तपकिरी गाभा हवा, कडेचा पांढरट भाग वाळवी खाते.

पण बारीक जाळीसाठी आम्ही सागवान सुचवत नाही. त्यात वाळूसारखा सिलिका असतो, तो ब्लेडची धार पटकन मारतो. शिवाय वर्षाच्या वलयांत मऊ-कडक पट्टे असतात, त्यामुळे ब्लेड मऊ पट्ट्याकडे ओढलं जातं आणि रेघ हलते. जाळीला शिवण घ्या. फिकट, हलकं आणि हवामानाला फारसं न हलणारं लाकूड आहे. हळदूही चांगलं, त्याचा पिवळसर रंग आणि बारीक पोत नाजूक कामाला फार शोभतो. वेगवेगळ्या लाकडांचे तुकडे जोडून चित्र करायचं असेल, तर रंग लावायची गरजच पडत नाही: हळदूचा पिवळा, शिवणचा फिकट, सागवानाचा सोनेरी, बिजाचा लालसर तपकिरी, शिसवीचा गडद. ताडोब्याचा वाघ करायला एवढी रंगपेटी पुरते. फक्त पॉलिशआधी हे रंग फिके दिसतात, तेव्हा अर्धवट काम पाहून नाराज होऊ नका.

एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड, स्वस्त आहे आणि छान कापलं जातं, पण पाणी लागलं की फुगतं आणि पुन्हा बसत नाही. घरातल्या भिंतीला चालेल. बाहेर लावायची वस्तू प्लायमध्ये करायची असेल तर आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय घ्यावा लागतो. साधा कमर्शियल प्लाय आम्ही बाहेरच्या कामाला वापरत नाही, ग्राहकानं स्वतः आणून दिला तरी.

फोटोवरून चेहरा

चेहरा कापताना फोटोतली सावली काढून टाकतो आणि उजेड लाकूड म्हणून ठेवतो. मागे काळा कपडा किंवा काळा प्लाय लावला की डोळे, मिशी आणि केसांची रेघ दिसू लागते. अट एकच: राहिलेलं सगळं लाकूड एकमेकांना जोडलेलं असायला हवं. नाकाचा उजेड कपाळाला, कपाळ कानाला, कान मानेला. यामुळे एका बाजूनं उजेड आलेला, सावल्या ठळक असलेला फोटो सगळ्यात चांगला. चष्मा आणि मिशी असली तर काम सोपं होतं. समोरून फ्लॅश मारलेल्या पासपोर्ट फोटोत सावलीच नसते, त्यातून चेहरा निघतो पण ओळख पटत नाही.

व्हॉट्सॲपवर चार घरं फिरून आलेला फोटो नको. जुना छापील फोटो असेल तर तो घेऊन या, इथेच स्कॅन करून लगेच परत देतो. नक्षीचा कागद तयार झाला की घरातल्या दोघा-तिघांना दाखवा. आईला ओळखू आलं म्हणजे झालं, मग कापायला घेतो. कापल्यावर नाक बदलता येत नाही.

इंटरनेटवरचं डिझाइन आणलंत तर आधी बघू द्या. अनेक डिझाइनं फक्त घरगुती वापरासाठी विकलेली असतात. कार्टूनमधली पात्रं आम्ही कापत नाही.

तान्ह्या पोळ्याचा बैल

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरांच्या हाती दोरी आणि दोरीला लाकडी बैल, हे नागपूरकरांना सांगायला नको. स्क्रोल सॉवरचा बैल दोन तऱ्हांचा. एक सपाट: जाड फळीतून कापलेला, खाली चाकं. दुसरा सगळ्या बाजूंनी गोलाई असलेला, आणि तो बनताना बघण्यासारखा असतो. चौकोनी ठोकळ्याच्या एका बाजूवर बैलाचं समोरचं चित्र आणि शेजारच्या बाजूवर कुशीचं चित्र चिकटवतो. आधी समोरची बाजू कापतो, निघालेले तुकडे जागच्या जागी ठेवून टेप गुंडाळतो आणि मग कुशीची बाजू कापतो. टेप काढली की भुशातून वशिंड, गळ्याखालची पोळी, चार पाय असा अख्खा बैल हातात येतो. आमचं मशीन दोन इंचांपर्यंतच जाडी कापतं, म्हणून हा बैल लहानच असतो. मोठा हवा असेल तर थर चिकटवून करावा लागतो.

पाय उभ्या तंतूंचे राहावेत असा ठोकळा धरतो, पण मग शिंगं कमजोर पडतात. म्हणून शिंगं वेगळी करून बसवतो. तीन वर्षांखालच्या बाळासाठी बैल हवा असेल तर तसं सांगा, शिंगं छोटी, बोथट आणि अंगातच काढून देऊ, सुटा भाग ठेवणार नाही. त्या बैलाला रंगही नाही, फक्त मेण. पोळ्याच्या ऑर्डरी आषाढातच द्या. श्रावणात आम्ही नवीन बैल घेत नाही, त्यावर रागावून उपयोग नाही.

कूलर, पावसाळा आणि पॉलिश

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, हवा कोरडी ठक्क. जुलैत तीच हवा ओली. एक फूट रुंद सागवानी फळी यात दोन-तीन मिलिमीटर सहज आकसते आणि फुगते. लांबीत मात्र जवळजवळ हलत नाही. चौकटीत बसवलेल्या फळीच्या कडेला बारीक फट ठेवलेली दिसेल, ती यासाठीच. तिच्यात पुट्टी भरू नका, फळी तडकेल.

उन्हाळ्यात वस्तू कूलरच्या समोर टांगू नका. बाहेर कोरडं ऊन आणि आत कूलरचा ओला वारा, यात चांगलं लाकूडही वाकतं आणि एमडीएफ तर कडेनं फुलतं.

घरातल्या वस्तूंना आम्ही चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश करतो. चमक सुंदर येते, पण गरम कप ठेवला किंवा सॅनिटायझर सांडलं की पांढरा डाग पडतो. ट्रे किंवा टेबलावरच्या वस्तूला पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश घ्या. जवसाचं तेल मागणारेही आहेत. चांगलं दिसतं, पण सुकायला वेळ घेतं, आणि घरी पुन्हा लावलंत तर तेलाचं फडकं गोळा करून टाकू नका. ते आपोआप तापून पेटू शकतं. पसरून वाळवा, मग फेका.

धूळ काढायला रंगकामाचा कोरडा, मऊ ब्रश. ओलं फडकं नको.

मुदत आणि मोडतोड

साध्या पाटीला आठवडा, जाळीला आणि चेहऱ्याला तीन आठवडे. निम्मी रक्कम नक्षी मंजूर करताना, उरलेली वस्तू नेताना. संमेलनाच्या किंवा निवृत्तीच्या समारंभाच्या एकसारख्या वस्तू हव्या असतील तर पातळ प्लायचे चार-पाच थर एकत्र कापतो, त्यामुळे नगाचा दर उतरतो.

एखादा काना किंवा जाळीचं टोक तुटलं तर तुकडा शोधून डबीत ठेवा, कितीही बारीक असला तरी. झटपट चिकटणारा गोंद लावू नका. तो लाकडात मुरून कडक होतो, मग त्यावर फेविकॉल धरत नाही आणि जोड कायमचा दिसतो. तुकडा घेऊन या. आम्ही कापलेल्या वस्तूचा पहिला जोड मोफत करून देतो.