वृत्तपत्रस्वातंत्र्य : नाशिक

वृत्तपत्रस्वातंत्र्य म्हणजे सरकारची आगाऊ परवानगी न घेता बातमी व मत छापण्याचा आणि छापल्याबद्दल सरकारचा रोष सोसावा न लागण्याचा हक्क. भारतीय राज्यघटनेच्या मूलभूत हक्कांत त्याचा वेगळा उल्लेख नाही. अनुच्छेद १९ मधल्या भाषण व अभिव्यक्तिस्वातंत्र्यातच तो सामावलेला आहे, असा अर्थ न्यायालयांनी लावला. नाशकात ‘प्रेस’ म्हटले की लोकांना आधी नाशिकरोडची सरकारी प्रेस आठवते, जिथे नोटा आणि मुद्रांक छापले जातात. ही नोंद दुसऱ्या प्रेसबद्दल आहे, पण सरकारी पैशाचा संबंध तिथेही आहेच.

शहराचा या विषयाशी संबंध जुना. कवी गोविंद ऊर्फ गोविंद त्र्यंबक दरेकर यांच्या कविता पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केल्याबद्दल बाबाराव सावरकरांवर खटला झाला आणि जून १९०९ मध्ये त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली गेली. आरोप साधा राजद्रोहाचा नव्हता, बादशहाविरुद्ध युद्ध पुकारल्याचाही होता. काही पाने कविता म्हणजे युद्ध! त्याच वर्षी २१ डिसेंबरला विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सन यांचा अनंत कान्हेरे यांनी वध केला. दोन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९१० मध्ये, नवा प्रेस ॲक्ट आला. त्याची तयारी एकट्या नाशिकमुळे झाली नव्हती, पण जॅक्सन प्रकरणाने तिला जोर चढला. या कायद्याची कळ तुरुंगात नसून तिजोरीत होती. नवा छापखाना काढणाऱ्याकडून ५०० ते २,००० रुपये अनामत मागता येई आणि मजकूर आक्षेपार्ह ठरला की ती जप्त होई. संपादकाला हुतात्मा न करता छापखाना बंद पाडण्याची ही युक्ती होती. कायदा १९२२ मध्ये रद्द झाला, युक्ती मात्र राहिली.

स्वातंत्र्यानंतर या युक्तीला पहिला मोठा अटकाव एका मराठी दैनिकामुळे झाला. पानांच्या संख्येवर अंकाची किंमत ठरवणारा १९५६ चा कायदा आणि त्याखालचा १९६० चा आदेश पुण्याच्या ‘सकाळ’ने आव्हानित केला. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. खप घटवणे म्हणजे आवाज घटवणे, हे या निकालाचे सार. १९७२ मध्ये न्यूजप्रिंटवरून (वर्तमानपत्री कागदावरून) पानांवर मर्यादा घालणारे धोरणही असेच कोसळले.

आणीबाणीत (१९७५–७७) मिसाखालच्या (विनाचौकशी अटकेच्या कायद्याखालच्या) स्थानबद्धांनी नाशिकरोडचे मध्यवर्ती कारागृह भरले. त्याआधी चार दशके नाशिकच्याच तुरुंगात मिनू मसानी, जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन ही समाजवादी मंडळी एकत्र होती. साने गुरुजीही त्याच सुमारास तिथे होते. पुढे गुरुजींनी १९४८ मध्ये ‘साधना’ साप्ताहिक काढले, आणि आणीबाणीत त्यावरही कारवाई झाली. मसानी तोवर ‘फ्रीडम फर्स्ट’चे संपादक झाले होते. सेन्सॉरने मजकूर अडवताच ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी १९७६ मध्ये, आणीबाणी ऐन भरात असताना, खंडपीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला: सगळ्या वृत्तपत्रांची शिडे एकाच वाऱ्याकडे वळवणे हे सेन्सॉरचे काम नव्हे. तेव्हा कितीतरी मोठी दैनिके गप्प होती, हे लक्षात घेतले की एका छोट्या नियतकालिकाच्या या निकालाचे वजन कळते.

आजच्या जिल्हा पातळीवरच्या दबावाला सेन्सॉर लागत नाही. राज्य सरकारच्या जाहिराती माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाच्या यादीवरील वृत्तपत्रांना मिळतात. शिवाय महापालिका, जिल्हा परिषद, बाजार समित्या यांच्या निविदा सूचना असतात. आतल्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात, भिंगाने वाचावी अशा टायपात ‘जाहीर ई-निविदा’ असते. वाचक ती ओलांडून जातो, पण छोट्या दैनिकाचा पगार त्याच चौरस सेंटिमीटरांतून निघतो. बिले महिनोन्‌महिने थकतात, आणि ज्या टेबलावर ती अडकतात त्याच टेबलाविरुद्ध बातमी द्यायची असते. तालुक्याच्या वार्ताहराचे तर मानधन नावापुरते, कमाई जाहिरातींच्या कमिशनवर. सुरगाणा किंवा पेठ तालुक्यात तो टँकरच्या फेऱ्यांची बातमी देतो आणि दिवाळी अंकासाठी त्याच पुढाऱ्याकडे शुभेच्छांची जाहिरात मागायला जातो.

म्हणून अंतराचा हिशेब उलटा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, लिलाव थांबले, आणि दिल्लीविरुद्ध पानेच्या पाने लिहिली गेली. लासलगावात बसून दिल्लीला झोडपायला फारसे धाडस लागत नाही, उलट वाचक खूश होतो. धाडस लागते ते आपल्याच गावच्या रस्त्याच्या कामाचे बिल छापायला. दबाव येतो तोही बंदीचा हुकूम म्हणून नाही. रात्री साडेदहाला पान सुटायच्या वेळी फोन येतो: ‘बातमी थांबवा असं म्हणत नाही हो, फक्त उद्या घ्या, आमची बाजू यायचीय.’ उद्या बातमी शिळी झालेली असते. फोनने भागले नाही तर ‘३५३ लावू’. भारतीय दंडसंहितेतले ते कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत १३२ झाले, तरी तोंडात जुनाच आकडा आहे: सरकारी कामात अडथळा.

बचावाची साधने आहेत, पण त्यांची धार सारखी नाही. प्रेस कौन्सिल, म्हणजे वृत्तपत्रांसाठीची वैधानिक परिषद, सरकारवर ताशेरे ओढू शकते, शिक्षा करू शकत नाही. आणीबाणीत ती बरखास्तच केली गेली होती, १९७९ मध्ये पुन्हा उभी राहिली. पत्रकाराने बातमीचा स्रोत सांगावा अशी सक्ती कौन्सिलला करता येत नाही. न्यायालयापुढे मात्र असे निरपवाद संरक्षण नाही. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ मध्ये पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा संमत केला. हल्ला अजामीनपात्र, शिक्षा ३ वर्षांपर्यंत. परंतु तो मारहाण आणि मालमत्तेच्या नुकसानीपुरता आहे. थकवलेले बिल किंवा नाकारलेले अधिस्वीकृती पत्र (पत्रकार म्हणून सरकारी मान्यता) ही त्याच्या लेखी हिंसा नाही. इंटरनेटवरची केंद्र सरकारबद्दलची कोणती माहिती खोटी हे सरकारच्याच कक्षाने ठरवण्याचा नियम मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केला. तो निकाल नाशिकच्या यूट्यूब वाहिन्यांनाही तितकाच लागू आहे.

रोजच्या कामात उपयोगी पडते ते कागद जमवणे. माहिती अधिकाराच्या अर्जावरचा आवक शिक्का, मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापे नोंदवणाऱ्या सरकारी वहीची) प्रत, संबंधित अधिकाऱ्याला लेखी प्रश्न पाठवल्याची तारीख. ‘आमची बाजू’ आधीच मागितलेली असली की रात्रीच्या फोनमधली हवा निघून जाते.

वृत्तपत्राचे घोषणापत्र १८६७ च्या कायद्यानुसार जिल्हा दंडाधिकाऱ्यापुढे, म्हणजे नाशकात कलेक्टर कचेरीत, करावे लागे. तो कायदा मार्च २०२४ पासून गेला आणि नोंदणी ऑनलाइन झाली. शेवटच्या पानाच्या तळाशी मुद्रक, प्रकाशक आणि संपादकाचे नाव छापण्याची रीत मात्र कायम आहे, आणि नोटीस आली की ती अजूनही त्याच नावावर येते.