कुणाचा रं तू?

लहानपणी सांगलीत उसाच्या ट्रॉलीमागे पळत जाऊन ऊस ओढला, की पुढच्या कोपऱ्यावर कुणीतरी हमखास हटकायचं, "कुणाचा रं तू?" बहुतेक वेळा एवढंच. घरी कुणी सांगायचं नाही, पण तेवढ्या प्रश्नाने हातातला ऊस जड व्हायचा.

शिकागोत समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट सॅम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळपास हाच प्रश्न मोजला. 343 वस्त्यांतल्या 8,782 रहिवाशांना त्यांनी विचारलं: पोरं शाळा बुडवून कोपऱ्यावर उभी दिसली, तर तुमचे शेजारी काही करतील का? भिंती रंगवत असतील तर? मोठ्यांना उलट बोलत असतील तर? 1997 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जिथले लोक एकमेकांवर विश्वास ठेवत होते आणि 'हो, करतील' म्हणत होते, तिथं हिंसा कमी होती. गरिबीचा परिणाम बाजूला काढून पाहिला, तरी हा फरक उरत होता. अभ्यासक याला सामूहिक क्षमता म्हणतात. मी गल्लीचा वचक म्हटलं असतं, पण वचकात भीती फार येते आणि इथं सगळा भार विश्वासावर आहे.

मात्र हाच अभ्यास असंही सांगतो, की दारिद्र्य एकवटलं आणि बिऱ्हाडं सारखी बदलत राहिली, की ही ताकद आटते. त्याच शहरात क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके यांनी 1942 मध्ये दाखवलं होतं, की काही भागांत एका देशाचे लोक गेले, दुसऱ्या देशाचे आले, तरी बालगुन्हेगारी तिथंच टिकून राहिली. म्हणजे खोट लोकांच्या रक्तात शोधण्यात अर्थ नव्हता. सांगलीजवळच्या कुपवाडच्या एमआयडीसीभोवतीच्या भाड्याच्या खोल्या पाहताना मला हे आठवतं. आई-बाप दोघं शिफ्टला, शेजारी चार महिन्यांपूर्वी आलेला. पोरगं कुणाचं, हे तो विचारणार तरी कसा?

आणि नेमक्या याच वयात मेंदू जोखमीकडे ओढ घेत असतो. बक्षिसाची, थराराची गोडी वयात येताना उसळते; आवर घालणारा कपाळामागचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. 2005 च्या एका प्रयोगात 13 ते 16 वयाच्या मुलांना संगणकावर गाडी चालवायचा खेळ दिला. एकटं असताना ती जेवढा धोका पत्करायची, त्याच्या साधारण दुप्पट मित्र बघत असताना पत्करत होती. मोठ्या माणसांत असा फरक जवळपास दिसला नाही. कट्ट्यावर तंबाखू-सुपारीचा पहिला मावा पोरगं चवीसाठी खात नाही, चार जण बघतायत म्हणून खातं.

माव्यापासून चोरीपर्यंत सरळ रस्ता आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. बहुतेक मुलं मध्येच थांबतात. जी थांबत नाहीत, त्यांच्या बाबतीत गुंता असतो: नशेत आवर सुटतो, नशेसाठी पैसे लागतात, आणि माल पोचवायला पोरं हाताशी असतात. उलटही घडतं. शाळा सुटलेला मुलगा आधी टोळक्यात जातो, नशा मागून येते. एम्सच्या 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात एकच प्रकार मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त सापडला, तो म्हणजे हुंगायच्या नशेचा. 10 ते 17 वयात 1.17 टक्के, मोठ्यांत 0.58. कारण उघड आहे: थिनर आणि पंक्चरचं सोल्यूशन स्वस्त असतं आणि दुकानात मिळतं.

आपल्याकडे चिंता त्यापुढे गेली आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी कुपवाडमध्ये एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन या रासायनिक नशेचा साठा पकडला. जानेवारी 2025 मध्ये विट्याजवळ कार्वे एमआयडीसीत ते बनवणारा कारखानाच सापडला. बाल न्याय कायदा, 2015 नुसार मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला किंवा मुलाकरवी तो विकणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. कायद्याची ही बाजू वापरली जावी, असं मला फार वाटतं. बातमीत मात्र ठळक होतो तो 'विधिसंघर्षग्रस्त बालक', म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेला मुलगा.

आइसलँडने दुसरीकडून सुरुवात केली. 15-16 वर्षांच्या मुलांपैकी महिन्याभरात झिंगेपर्यंत प्यायलेली 1998 मध्ये 42 टक्के होती, 2016 मध्ये 5. खेळ-संगीताच्या वर्गांना सरकारी पैसा, रात्री मुलांना बाहेर राहायला वेळेची मर्यादा, आणि पालकांचा आपसांत करार, हे सारं तिथं एकत्र चाललं. आपल्याकडे तालमी आहेत, खो-खोची मैदानं आहेत, 1941 पासूनचं नूतन बुद्धिबळ मंडळ आहे. भाड्याच्या खोलीतलं पोरगं तिथपर्यंत पोचतं का, हे पाहायला हवं. त्याला 'कुणाचा रं तू' विचारताना 'तू इथला नाहीस' असा सूर लागला, तर ते परत येत नाही.

कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावने 15 ऑगस्ट 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवायला सुरुवात केली. दीड तास टीव्ही-मोबाइल बंद, पोरं अभ्यासाला. त्याचा विषय नशा नव्हता, पण मला त्यात शिकागोची प्रश्नावली दिसते. नुसत्या भोंग्यावर काही झालं नसतं. आशा सेविका, अंगणवाडी सेविका आणि निवृत्त शिक्षक तेव्हा घरोघर फिरत होते.