आरिया की डॉन: एकाच सोमा क्रूझचे दोन गेम

'कॅसलव्हेनिया' या व्हिडिओ गेम मालिकेचा विषय निघाला की कुणीतरी हमखास सांगतं, "तो सॉरोवाला खेळ. पांढऱ्या कोटातला पोरगा, राक्षस मारून त्यांचे आत्मे घेतो, तो." ऐकणारा हाताला लागेल तो 'सॉरो' सुरू करतो. तो जर 'डॉन ऑफ सॉरो' निघाला, तर प्रस्तावनेतच त्याला असं एक गुपित कळतं, ज्यासाठी 'आरिया ऑफ सॉरो'मध्ये अख्खा किल्ला पालथा घालावा लागतो. ही हळहळ मला दर वेळी वाटते, कारण तो धक्का पुन्हा पहिल्यासारखा बसत नाही.

घोळ व्हायला कारणं भरपूर आहेत. दोन्ही गेम कोनामी या जपानी कंपनीचे, दोन्हींचा निर्माता कोजी इगाराशी, दोन्हींत नायक सोमा क्रूझ, आणि आत्मे गोळा करायची पद्धतही तीच. आरिया २००३ मध्ये गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर आला, डॉन २००५ मध्ये निन्टेंडो डीएसवर. पण सुरुवातीच्या डीएसमध्ये गेम बॉय अ‍ॅडव्हान्सचं कार्ट्रिजही चालायचं, त्यामुळे अनेकांनी दोन्ही एकाच यंत्रावर, लागोपाठ खेळले आणि आठवणीत दोन्ही किल्ले एकमेकांत मिसळून गेले. जपानी नावांनी तर आणखीच गुंता केला. 'डॉन' म्हणजे पहाट, पण जपानी नावात पहाटेचा चंद्र आहे तो आरियाच्या! डॉनच्या जपानी नावात आहे निळा चंद्र आणि क्रूस.

समोर कुणी खेळत असेल तर ओळखायची सोपी खूण अशी: सामान विकणारा हॅमर किल्ल्याच्या आतच, प्रवेशद्वारापाशी बसला असेल तर तो आरिया. बर्फात बुडालेल्या ओसाड गावात दुकान मांडून बसला असेल तर तो डॉन. दोन पडदे दिसले आणि वरच्या पडद्यावर नकाशा असला, तर प्रश्नच मिटला. चित्रांतही फरक कळतो. आरियातली पात्रं आयामी कोजिमा यांनी काढलेली, नाजूक, फिकट चेहऱ्यांची, जुन्या तैलचित्रांतून उतरल्यासारखी. डॉनमध्ये ती टीव्हीवरच्या अ‍ॅनिमेसारखी झाली. मला तो बदल आजही खटकतो. गॉथिक किल्ल्यातली भीती ही अर्धी त्या चेहऱ्यांवरच असते.

खेळताना खरा फरक जाणवतो तो आत्म्यांमध्ये. दोन्ही गेममध्ये राक्षस मेला की कधीतरी त्याचा आत्मा सोमाच्या अंगात शिरतो. लाल आत्मा म्हणजे फेकायचं अस्त्र, निळा म्हणजे बटण दाबून ठेवलं की साथ देणारी शक्ती, पिवळ्याने अंगचे गुण वाढतात, आणि करड्याने उंच उडी वगैरे कायमची कला मिळते. इथपर्यंत सगळं एक. पण आरियात एका राक्षसाचा एक आत्मा मिळाला की काम झालं. दुसरा मिळाला तरी ताकद वाढत नाही, फार तर केबल जोडून मित्राला देता येतो. त्यामुळे प्रत्येक नवा राक्षस म्हणजे नवी उत्सुकता. हा काय देईल? मिळालं की पुढे निघायचं.

डॉनमध्ये एकाच राक्षसाचे नऊपर्यंत आत्मे साठवता येतात आणि संख्या वाढेल तसा बऱ्याच आत्म्यांचा जोर वाढतो. शिवाय योको बेलनाडेस या चेटकिणीकडे जाऊन आत्मा देऊन शस्त्र घडवून घेता येतं. शस्त्र आणि आत्मा तिला द्यायचे, वरचं शस्त्र हातात येतं, आत्मा मात्र कायमचा जातो. म्हणजे तोच आत्मा आता धन झाला. ठेवायचा की मोडायचा, हा हिशोब सुरू होतो. मग एखाद्या खोलीत शिरायचं, एकच राक्षस मारायचा, बाहेर यायचं, परत शिरायचं, असं तासन्‌तास. काहींना हीच गोडी वाटते आणि ती मी समजू शकतो. माझी पसंती आरियाच्या हलक्या हाताला आहे. तरी डॉनच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. त्यातल्या डॉपेलगँगरच्या आत्म्यामुळे शस्त्रं आणि आत्मे यांचे दोन संच तयार ठेवून एका बटणात बदलता येतात. आरियात मधेच थांबून यादी उघडत बसावं लागतं. एकदा डॉनची सवय लागली की ते फार टोचतं.

दोन गेमचा स्वभाव एकाच राक्षसात बघायचा असेल तर बॅलोर बघा. प्रचंड हात, मोठा डोळा असलेला हा बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटी येणारा बलाढ्य शत्रू, दोन्हीकडे आहे. आरियात त्याला हरवलं की त्याचा भलामोठा ठोसा सोमाला अस्त्र म्हणून मिळतो, सरळ मारामारीचं बक्षीस. डॉनमध्ये त्याच बॅलोरचा आत्मा मिळाला की स्टायलसने, म्हणजे डीएसच्या लेखणीसारख्या काडीने, पडद्यावर टोचून बर्फाचे ठोकळे फोडता येतात. नवीन यंत्राला स्पर्शाचा पडदा होता, मग तो वापरायलाच हवा, हा हट्ट डॉनमध्ये जागोजागी दिसतो. सगळ्यात जास्त दिसतो तो जादूच्या मुद्रांमध्ये. बॉसची ताकद संपली की पडद्यावर एक आकृती येते, ती स्टायलसने वेळेत अचूक रेखाटायची. चुकलात की बॉसमध्ये पुन्हा थोडा जीव येतो. बोटं बटणांवर, लढाई रंगात आलेली, आणि ऐन क्षणी काडी शोधायची! याचं समर्थन माझ्याच्याने होत नाही. पण डॉनचे बॉस स्वतः अफाट आहेत. गर्गॉथशी लढताना मनोऱ्याचे मजले एकामागून एक खचत जातात आणि लढाई तुमच्यासकट खाली कोसळत राहते. आरियात असं काही नाही.

आता कथा. इथून पुढे आरियाचं गुपित उघडं होणार आहे, ज्याने तो खेळलेला नाही त्याने इथेच थांबून आधी खेळून यावं.

आरिया घडतो २०३५ मध्ये. सोमा जपानमध्ये शिकायला आलेला मुलगा. सूर्यग्रहण बघायला तो मैत्रीण मीनाच्या हाकुबा देवळाकडे निघतो आणि डोळे उघडतो ते ड्रॅक्युलाच्या किल्ल्यात. १९९९ मध्ये ड्रॅक्युलाचा कायमचा अंत झाला आणि त्याचा किल्ला ग्रहणात कोंडला गेला, अशी ही मांडणी. ग्रॅहम नावाचा एक धर्मप्रचारक स्वतःला ड्रॅक्युलाचा पुनर्जन्म समजतो आणि खेळणाराही ते मान्य करतो. ग्रॅहमला नुसता हरवला तर गेम तिथे संपतो, आणि संपला असं वाटतं. पण किल्ल्यात लपलेल्या तीन जुन्या ग्रंथांतल्या खुणा वाचून ठरावीक तीन आत्मे अंगावर घेऊन लढलात, तर कळतं की ड्रॅक्युलाचा पुनर्जन्म ग्रॅहम नाही, सोमा आहे. इतका वेळ तो आत्मे का ओढून घेऊ शकत होता, याचं उत्तर तिथे मिळतं. खेळायची पद्धत हाच कथेचा पुरावा होता! इतकी घट्ट वीण मी फार थोड्या गेममध्ये पाहिली आहे.

डॉन एका वर्षानंतर, २०३६ मध्ये सुरू होतो आणि हे सगळं गृहीत धरूनच. सेलिया फोर्टनर नावाच्या बाईचा एक पंथ आहे. अंधाराचा स्वामी, म्हणजे ड्रॅक्युलाच्या जागी कुणीतरी, जगात असलाच पाहिजे असं तिचं म्हणणं, आणि सोमा ते व्हायला नकार देतो म्हणून तिने दिमित्री आणि दारिओ असे दोन उमेदवार पुढे केलेत. किल्लाही ड्रॅक्युलाचा खरा नव्हे, त्याची नक्कल. सोमा कोण, हा प्रश्न आता उरलेला नसतो. तो तसा होईल का, एवढाच उरतो. त्याचं उत्तर एका तावीजावर येऊन ठेपतं. मीनाने दिलेला तावीज सोमाने अंगावर घातलेला नसेल, तर तिचा मृत्यू डोळ्यांसमोर झाला असं समजून तो खचतो आणि खरोखरच अंधाराचा स्वामी होतो.

दोन्ही गेम आता नव्या यंत्रांवरही मिळतात. आरिया २०२१ च्या 'कॅसलव्हेनिया अ‍ॅडव्हान्स कलेक्शन'मध्ये आहे, डॉन २०२४ च्या 'डॉमिनस कलेक्शन'मध्ये, आणि तिथे मुद्रा काढायच्या ऐवजी बटणं दाबून भागतं. संग्रह वेगळे असल्यामुळे डॉनचा संग्रह आधी हाती पडण्याची शक्यता आहे. पडला तरी आरिया आधीच खेळा.

कारण ज्यूलियस. आरियात तो स्मृती हरवलेला माणूस म्हणून भेटतो आणि नंतर बेलमाँट घराण्याचा वारस निघतो. शेवटच्या लढाईला जाण्याआधी सोमा त्याला सांगतो, मी हरलो आणि ड्रॅक्युला झालो तर मला मारून टाक. ज्यूलियस कबूल होतो. आरिया संपवल्यावर 'ज्यूलियस मोड' उघडतो, त्यात चाबूक घेऊन एकट्याने किल्ला फिरायचा, कथा काही नाही. डॉनमध्येही ज्यूलियस मोड आहे, पण तो त्या तावीज नसलेल्या शेवटापासून सुरू होतो. ज्यूलियस किल्ल्यात शिरतो, वाटेत योको आणि ड्रॅक्युलाचा मुलगा अलुकार्ड त्याला येऊन मिळतात आणि किल्ल्याच्या टोकाला त्यांची वाट बघत बसलेला असतो सोमा.